मोडलेले हाड आणि नोंदवहीतील शब्द

इतिहासाचा विद्यार्थी जन्मभर दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या कागदावर विसंबून असतो. म्हणूनच त्याला पहिला धडा मिळतो तो कागदावर विश्वास ठेवण्याचा नव्हे, तर कागदाला प्रश्न विचारण्याचा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करावयास घेतली, तेव्हापासून महाराष्ट्रात ही शिस्त रुजली. कागद अस्सल की नक्कल? कोणी लिहिला? घटनेनंतर किती दिवसांनी लिहिला? कशासाठी लिहिला? बखरीला हे प्रश्न विचारण्यात आपण आता चांगले तयार झालो आहोत. परंतु गावच्या दवाखान्यातील केसपेपर हातात आला की हीच चिकित्सा आपण विसरतो. डॉक्टरांनी लिहिले आहे, शिक्का आहे, मग ते खरेच असणार, असे आपण धरून चालतो.

मी वैद्य नाही. इतिहास हा माझा विषय, आणि मुख्याध्यापक या नात्याने रजिस्टरांशी माझा रोजचा संबंध. जनरल रजिस्टरात एकदा पडलेली जन्मतारीख माणसाला निवृत्तीपर्यंत कशी पुरते, आणि चुकीची पडली तर कशी छळते, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्यामुळे नोंदवही ही वस्तू मला निर्जीव वाटत नाही. या लेखात मला एकाच प्रकारच्या नोंदीचा इतिहास सांगायचा आहे, तो म्हणजे रुग्णालयाच्या नोंदवहीत लिहिलेल्या अस्थिभंगाचा, आपल्या बोलीत मोडलेल्या हाडाचा. विषय वरकरणी रुक्ष आहे. पण त्यात माणसाची भरपाई, न्याय आणि कधी कधी आयुष्यभराचे पंगुत्व गुंतलेले असते.

हाडच का?

कोणी विचारील, इतके रोग असताना हाडच का घेतले? कारण असे की, हाड हा मागे राहणारा साक्षीदार आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या नोंदवहीत 'ताप' एवढाच शब्द असला, तर तो हिवताप होता की विषमज्वर, हे आज कोणालाही ठरवता येणार नाही. ताप उतरला, माणूस गेला, पुरावा संपला. हाडाचे तसे नाही. मोडलेले हाड जुळते तेव्हा सांध्यापाशी नवे हाड धरते आणि त्याची खूण पुष्कळदा वर्षानुवर्षे टिकते. जमिनीतून निघालेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यावरूनही या माणसाचा हात जिवंतपणी मोडला होता आणि पुन्हा जुळला होता, असे जाणकार सांगू शकतात. शिवाय क्ष-किरणांच्या शोधानंतर हाडाचे चित्रही उरू लागले. म्हणजे नोंदवहीत लिहिलेला शब्द पडताळून पाहावयास दुसरा पुरावा आहे. इतकी सोय असलेल्या निदानाच्या नोंदीतही जर चुका आढळत असतील, तर जेथे असा साक्षीदारच नाही तेथे काय परिस्थिती असेल, याचा अंदाज आपणच करावा.

सुश्रुतापासून डब्लिनपर्यंत

मोडलेल्या हाडाला नुसते 'मोडले' म्हणून भागत नाही, ही जाण आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पंधराव्या अध्यायात भग्नाचे दोन मोठे वर्ग केले आहेत. सांधा निखळणे तो संधिमुक्त, आणि हाडच मोडणे तो कांडभग्न. संधिमुक्ताचे सहा आणि कांडभग्नाचे बारा प्रकार तेथे नावानिशी दिले आहेत. चुरा झालेले ते चूर्णित, वाकलेले ते वक्र, तडा गेलेले ते स्फुटित. ही नावे पाहिली म्हणजे ती देणाऱ्याने डोळ्यांनी आणि बोटांनी किती बारकाईने तपासले असेल, याची कल्पना येते. निखळणे आणि मोडणे यांतला भेद तर त्याने प्रारंभीच केला आहे.

आणि नेमका हाच भेद पुढे युरोपातील शस्त्रवैद्यांना मनगटाच्या बाबतीत शतकानुशतके चकवीत राहिला. माणूस पडतो तेव्हा आपोआप हात पुढे टाकतो आणि सारा भार तळहातावर येतो. मनगट सुजते आणि बाजूने पाहिले तर उलट्या काट्या-चमच्यासारखे वाकडे दिसते. सांधाच निखळला, असे कोणालाही वाटावे. शस्त्रवैद्य तसेच समजत आणि निदान लिहिताना 'मनगट निखळले' असेच लिहीत. फ्रान्समधील लिआँ येथील क्लोद पूतो यांनी हे बहुधा हाड मोडणे असते असे मांडले होते. त्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर, 1783 मध्ये, छापले गेले. पण फारसे कोणी लक्ष दिले नाही. 1814 साली डब्लिनचे शस्त्रवैद्य अब्राहम कॉलिस यांनी एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात छोटासा निबंध लिहून स्पष्ट सांगितले की, येथे सांधा निखळत नाही, तर कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने येणाऱ्या हाडाचे मनगटाजवळचे टोक मोडते. क्ष-किरण तर सोडाच, त्या वेळी त्यांच्यापाशी अशा मोडीचे चिरफाड करून पाहिलेले हाडही नव्हते. त्यांनी हे ओळखले ते बोटांनी चाचपून, हात ओढून, आणि ओढ सोडताच वाकडेपणा पुन्हा येतो हे पाहून.

त्यानंतर पॅरिसच्या ओतेल-द्यू या विख्यात रुग्णालयाचे प्रमुख शस्त्रवैद्य ग्योम द्युपुइत्रें यांनीही हेच मत जोराने मांडले. मनगट निखळले म्हणून आणलेले रुग्ण तपासले असता हाड मोडलेले निघते, असा त्यांचा अनुभव होता. पुढे 1847 साली डब्लिनच्याच रॉबर्ट स्मिथ यांनी आपल्या ग्रंथात या मोडीशी कॉलिस यांचे नाव जोडले आणि तेच रूढ झाले.

आता इतिहासाच्या दृष्टीने या प्रकाराचा अर्थ काय होतो ते पाहा. अठराव्या शतकातील एखाद्या नोंदवहीवरून कोणी हिशेब मांडला, तर त्याला मनगटे निखळण्याचे प्रमाण भरपूर आणि मोडण्याचे अगदी थोडे, असे दिसेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नोंदवहीवरून मांडला, तर नेमके उलटे दिसेल. त्यावरून शंभर वर्षांत माणसांची हाडे ठिसूळ झाली, असा निष्कर्ष काढणारा अभ्यासक फसेल. हाडे तीच होती, पडण्याची तऱ्हाही तीच होती. बदलला तो लिहिणाऱ्याचा शब्द. शिवाय त्या जुन्या नोंदी करणारे लोक आळशी किंवा अप्रामाणिक नव्हते. त्यांनी त्यांच्या काळाच्या ज्ञानाप्रमाणे इमानाने लिहिले. नोंद प्रामाणिक असूनही चुकीची असू शकते, ही गोष्ट आपण एकदा नीट मनात ठसवून घेतली पाहिजे.

त्याच 1847 साली पॅरिसमध्ये जोझेफ-फ्रांस्वा मालगेन्य यांच्या अस्थिभंगावरील ग्रंथाचा पहिला खंड निघाला. या गृहस्थांनी ओतेल-द्यू रुग्णालयाच्या नोंदवह्या उलगडून दोन हजारांहून अधिक मोडींची गणती केली. कोणत्या वयात, स्त्रियांत की पुरुषांत, कोणत्या ऋतूत कोणते हाड अधिक मोडते, हे आकड्यांनी पाहिले. 'माझ्या अनुभवात असे येते' म्हणण्याऐवजी 'नोंदवहीत असे दिसते' म्हणण्याची ही सुरुवात होती. वैद्यकाच्या दृष्टीने हे मोठेच पाऊल. परंतु गणती जितकी मोठी, तितका मूळ शब्द बरोबर असण्याला महत्त्व अधिक. बी किडके असेल तर शेत मोठे असून काय उपयोग?

तसबीर आली, तरी

8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताची हाडे आणि बोटातील अंगठी दाखवणारी तसबीर घेतली. पुढच्या काही महिन्यांतच जगभरचे डॉक्टर या किरणांनी मोडलेली हाडे पाहू लागले. 1901 मध्ये पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक राँटगेन यांना मिळाले. आता हाडाच्या निदानात चूक होणेच शक्य नाही, असे लोकांना वाटले असल्यास नवल नाही.

पण तसे झाले नाही. मनगटात अंगठ्याच्या मुळाशी होडीच्या आकाराचे एक लहान हाड असते. त्याला स्कॅफॉइड म्हणतात. त्याला तडा गेला तर पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत तो पुष्कळदा दिसतच नाही. दहा-पंधरा दिवसांनी, तड्याच्या कडा झिजल्यावर, पुन्हा एक्स-रे काढला की रेघ दिसते. म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याच्या हाडाला गेलेला बारीक तडाही असाच पहिल्या एक्स-रेतून निसटतो; आज त्यासाठी एम.आर.आय.चा आधार घेतात. मुलांची हाडे ओल्या फांदीसारखी असतात, एका बाजूने मोडतात आणि दुसऱ्या बाजूने नुसती वाकतात. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. तिच्यातून गेलेली मोड ओळखणे अवघड जाते. पाठीच्या मणक्यांची गोष्ट तर त्याहून वेगळी. म्हातारपणी मणके दबून मोडतात, आजीबाई 'कंबर धरली' म्हणून शेक घेतात आणि त्यांची मोड कोणत्याही रजिस्टरात येतच नाही.

म्हणजे नोंदवहीत दोन प्रकारचे दोष राहतात. एक, जे लिहिले ते चुकीचे. दुसरा, जे घडले ते लिहिलेच गेले नाही. पहिला दोष कागद तपासून सापडतो. दुसरा कागदावर नसल्यामुळे सापडत नाही. आपल्या भागात तर हाडवैद्याकडे जाण्याची चाल आजही आहे. आंध्रातील पुत्तूरच्या पट्टीची कीर्ती दूरवर पसरलेली आहे. अशा ठिकाणी बरी झालेली किंवा वाकडी जुळलेली हाडे सरकारी गणतीत कोठे दिसणार?

नावाला आकडा

रुग्णालयारुग्णालयांत एकाच रोगाला निरनिराळी नावे असतील, तर बेरीज करताच येत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना आपण कंदील घेतलेली परिचारिका म्हणून ओळखतो. पण त्या संख्याशास्त्राच्याही मोठ्या जाणकार होत्या. 1860 साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे त्यांनी सर्व रुग्णालयांसाठी एकसारख्या तक्त्यांची योजना मांडली. पुढे 1893 मध्ये फ्रान्सचे जाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची वर्गवारी तयार केली. 1948 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या देखरेखीखाली तिची सहावी आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यात मृत्यूंबरोबर आजारांचा आणि इजांचाही समावेश झाला. 1990 साली मान्य झालेली दहावी आवृत्ती जगात सर्वत्र वापरली गेली, आणि 1 जानेवारी 2022 पासून अकरावी आवृत्ती अमलात आली आहे.

दहाव्या आवृत्तीत खुब्याजवळ मांडीच्या हाडाची मान मोडली तर एस 72.0, त्याखालच्या उंचवट्यांपाशी मोडले तर एस 72.1, आणि कॉलिस यांच्या मनगटाजवळच्या मोडीला एस 52.5. शेवटचा आकडा शून्याचा एक झाला एवढीच ही बाब नाही. लंडनचे अ‍ॅस्टली कूपर यांनी 1822 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते की, खुब्याच्या सांध्याच्या आवरणाच्या आत झालेली मोड सहसा हाडाने जुळत नाही, आवरणाबाहेरची जुळते. कारण आतल्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो. आजही या दोन मोडींचे उपचार वेगळे असतात. नोंदवहीत नुसते 'मांडीचे हाड मोडले' असे लिहिले किंवा आकडा चुकला, तर कोणता उपचार कोणाला लागू पडला याचा सारा हिशेब बिघडतो. आणखी एक मौज अशी की, जागतिक संघटनेच्या या दहाव्या आवृत्तीच्या आकड्यात हाड उजवे की डावे, हे सांगण्याची सोयच नव्हती. अमेरिकेने 2015 पासून वापरात आणलेल्या आपल्या विस्तारित आवृत्तीत ती केली. एखाद्या आजोबांचा डावा खुबा मोडला आणि वर्षभराने उजवा मोडला, तर जुन्या आकड्यांत ही दोन हाडे की एकाच हाडासाठी दोनदा भरती, हे कळावे कसे?

बॉस्टनकरांचा हट्ट

नोंदीच्या खरेपणाचा विषय निघाला की बॉस्टनचे शस्त्रवैद्य अर्नेस्ट कॉडमन (1869-1940) यांची आठवण काढलीच पाहिजे. त्यांचे म्हणणे साधे होते. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड करावे, त्यावर निदान व उपचार लिहावा, आणि वर्षभराने त्या रुग्णाला पुन्हा बोलावून तो खरोखर बरा झाला का, न झाल्यास चूक कोणाची, हे त्याच कार्डावर लिहावे. सहकाऱ्यांना हे रुचले नाही. 1914 मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा राजीनामा दिला. 1911 पासून ते आपले एक छोटे रुग्णालय चालवीत होते. तेथून 1911 ते 1916 या काळात घरी गेलेल्या 337 रुग्णांच्या बाबतीत घडलेल्या 123 चुका त्यांनी स्वतः मोजून छापून प्रसिद्ध केल्या! असा हिशेब छापणारे रुग्णालय आजही शोधावे लागेल. 1920 च्या सुमारास त्यांनी हाडांच्या कर्करोगाची नोंदवही सुरू केली. तीत निरनिराळ्या ठिकाणच्या रुग्णांचे एक्स-रे, नमुने आणि पुढील हकीकत एकत्र येई, म्हणजे निदानाचा शब्द पुन्हा पुन्हा पडताळता येई.

कॉडमन यांच्या आयुष्यात या हट्टाचे चीज झाले नाही. पण नोंद लिहून संपत नाही, तिच्याकडे परत यावे लागते, हा त्यांचा विचार टिकला.

उत्तरेकडचे देश

हा विचार मोठ्या प्रमाणावर अमलात आणला तो युरोपच्या उत्तरेकडील लहान देशांनी. स्वीडनमध्ये 1947 पासून प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक मिळतो. 1964 मध्ये तेथे रुग्णालयात भरती झालेल्यांची नोंदवही सुरू झाली आणि 1987 पासून ती सर्व देशाला लागू झाली. डेन्मार्कची अशी नोंदवही 1977 पासून आहे. नोंदवहीत लिहिलेले निदान आणि मूळ केसपेपर यांची पडताळणी करण्याचे काम तेथील संशोधक सतत करीत असतात. 2011 साली स्वीडनच्या नोंदवहीच्या अशा अनेक पडताळण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. बहुतेक रोगांच्या बाबतीत नोंदलेले निदान 85 ते 95 टक्के वेळा बरोबर असल्याचे त्यात दिसले. म्हणजे जगातील उत्तम समजल्या जाणाऱ्या नोंदवहीतही शंभरात पाच ते पंधरा निदाने मूळ कागदाशी जुळत नाहीत.

यात खुब्याची मोड अधिक भरवशाची मानतात. कारण तेथे ती झालेला जवळजवळ प्रत्येक रुग्ण रुग्णालयात येतोच, एक्स-रे निघतो, शस्त्रक्रिया होते. इतक्या हातांतून गेल्यावर चूक टिकत नाही. तरीही एक अडचण राहते. तोच रुग्ण त्याच मोडीसाठी पुन्हा भरती झाला की तोच आकडा पुन्हा पडतो आणि एका हाडाची दोन हाडे होतात. ही अडचण ओळखून 2011 च्या जानेवारीत स्वीडनमधील योटेबोर्ग येथे केवळ मोडींसाठी वेगळी नोंदवही सुरू झाली. तेथे कारकुनाने आकडा भरावयाचा नसतो. उपचार करणारा डॉक्टरच एक्स-रे पाहून मोडीचा प्रकार, बाजू व इजेचे कारण भरतो, आणि पुढे रुग्णाकडूनही त्याची स्थिती विचारून घेतली जाते. कॉडमन यांचे कार्ड शंभर वर्षांनी असे जिवंत झाले. अर्थात त्यातही दोन डॉक्टर एकाच एक्स-रेवरून वेगळा उपप्रकार लिहू शकतात. वर्गवारी जितकी बारीक, तितके मतभेद अधिक, हे सर्वत्र दिसून आले आहे.

आपला सीमाभाग

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडचा रुग्ण मराठीत किंवा कानडीत बोलतो आणि केसपेपर इंग्रजीत लिहिला जातो. या दोन पायऱ्यांमध्ये पुष्कळ काही सांडते. आपण 'पाय मोडला' म्हणतो. आपल्या पायात मांडीपासून बोटांपर्यंत सगळे येते. कानडीतील 'कालु'ही तसाच. इंग्रजी वैद्यकात मात्र 'लेग' म्हणजे फक्त गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा भाग. मांडीचा शब्द निराळा, पावलाचा निराळा. खिडकीवरच्या कारकुनाने रुग्णाचे बोलणे ऐकून 'लेग फ्रॅक्चर' लिहिले आणि मोड मांडीला असली, तर पहिल्याच ओळीत हाड बदलले. 'हात' आणि 'कै' यांचेही तेच. आपण 'मुरगळला', 'लचकला', 'सरकला', 'निखळला', 'तडा गेला' असे किती शब्द सहज वापरतो! कानडी शेजारी 'उळुकु' म्हणतो. यांतील प्रत्येक शब्दाचा बोलणाऱ्याच्या मनात अर्थ असतो. पण तो निदान नसतो. म्हातारी 'हात मुरगळला' म्हणाली म्हणून मुरगळच लिहिली, तर कॉलिस यांच्या आधीच्या काळात आपण परत गेलो.

याचे परिणाम काय होतात, त्याचे एक उदाहरण माझ्या शाळेतले आहे. कबड्डी खेळताना एक मुलगा तळहातावर पडला. त्याला जेथे नेले तेथे एक्स-रे निघाला, काही दिसले नाही, आणि कागदावर 'मुका मार' असे लिहून मिळाले. पंधरा दिवसांनी दुखणे हटेना म्हणून दुसरीकडे नेले, तेव्हा स्कॅफॉइडचा तडा दिसला. विम्याचा अर्ज गेला तेव्हा प्रश्न आला की, पहिल्या कागदात मोड नाही. मग हाड नंतर कोठे तरी दुसरीकडे मोडले नाही कशावरून? मी शाळेच्या अपघात नोंदवहीचा उतारा दिला, पडण्याची वेळ व तऱ्हा लिहून दिली, आणि पुष्कळ फेऱ्यांनंतर काम झाले. पहिल्या डॉक्टरांनी जे दिसले नाही ते लिहिले नाही, यात वावगे काही नाही. 'तड्याची शंका; दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे' एवढी एक ओळ त्या कागदावर असती, तर त्या मुलाच्या वडिलांचे चार दिवसांचे रोजगार बुडाले नसते.

कायद्यात तर या शब्दाचे वजन फारच मोठे आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 320 खाली जबर दुखापतीचे आठ प्रकार दिले होते. त्यांत सातवा प्रकार हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे हा होता. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या 116 व्या कलमातही हा प्रकार कायम आहे. साध्या दुखापतीला जास्तीत जास्त एक वर्षाची कैद आणि गुन्हा अदखलपात्र. जबर दुखापतीला सात वर्षांपर्यंत कैद आणि गुन्हा दखलपात्र. बांधावरून मारामारी झाली, एकाच्या हातावर काठी बसली, की पुढचे सारे त्या एका शब्दावर ठरते. हाड पूर्ण दुभंगले पाहिजे असे नाही, नुसती चीर गेली तरी ती मोडच, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. म्हणजे चीर पाहणारा डोळा आणि ती लिहिणारा हात यांवर एका बाजूला जखमी माणसाचा न्याय आणि दुसऱ्या बाजूला आरोपीचे स्वातंत्र्य अवलंबून असते. नसलेली मोड लिहिणे हाही अन्यायच, आणि तो काही कमी प्रतीचा नव्हे.

नोंद कशी वाचावी

इतक्या विवेचनानंतर मला जे म्हणायचे आहे ते थोडक्यात असे. नोंदवहीतील निदान हा घटनेचा फोटो नव्हे. त्या दिवशी, त्या माणसाने, हाताशी असलेल्या साधनांनी काढलेला तो निष्कर्ष असतो. म्हणून तो वाचताना आपण राजवाड्यांच्या शिष्यांनी चार प्रश्न विचारावेत. एक्स-रेच्या आधी लिहिले की नंतर? तपासणाऱ्याने लिहिले की खिडकीवर बसलेल्याने? हाडाचे नाव, जागा आणि उजवी-डावी बाजू स्पष्ट आहे का? आणि नंतर निदान बदलले असल्यास, ते पहिले शब्द खोडून बदलले की तारीख घालून खाली लिहिले? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शाळेच्या जनरल रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. दुरुस्ती लाल शाईने, सहीनिशी, मूळ अक्षर वाचता येईल अशी करावी लागते. यामागे मोठे शहाणपण आहे. चूक नाहीशी करणे आणि चूक दुरुस्त करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत इतिहास पुसला जातो, दुसरीत तो पुरा होतो.

घरच्या लोकांनी करण्यासारखेही काही आहे. दवाखान्यात गेल्यावर बोट ठेवून दाखवावे, नुसते 'पाय' म्हणू नये. कोणत्या वेळी, कसे पडलो, ते सांगावे आणि ते लिहिले गेले की नाही ते पाहावे. एक्स-रे व त्याचा अहवाल जपून ठेवावा. हाडाचा खरा साक्षीदार तोच. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे भरती रुग्णांचे कागद तीन वर्षे ठेवणे बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागितल्यास 72 तासांत त्यांच्या प्रती मिळाल्या पाहिजेत. हा हक्क पुष्कळांना ठाऊक नसतो. कोर्टाची तारीख तीन वर्षांनंतर लागते आणि मग कागदांची शोधाशोध सुरू होते. तेव्हा रुग्णालयातून घरी येतानाच प्रत मागून घ्यावी, आणि इंग्रजी समजत नसेल तर जाणत्याकडून मराठीत किंवा कानडीत वाचून घ्यावी. उजव्याचे डावे झाले असेल, तर ते त्याच आठवड्यात लक्षात आणून देणे सोपे असते.

आपण सीमाभागातील माणसे कागदाचे मोल जाणतो. नावाच्या स्पेलिंगपासून शाळेच्या माध्यमापर्यंत किती गोष्टी आपण अर्ज, दाखले आणि उतारे यांच्या बळावर लढत आलो आहोत. तीच जागरूकता आपल्या शरीराविषयी लिहिलेल्या कागदांच्या बाबतीतही ठेवू या. उद्याचा कोणी इतिहासाचा विद्यार्थी आपल्या जिल्ह्यातील जुनी रजिस्टरे उघडील, तेव्हा त्याला त्यांत काय सापडावे, हे आज कागद लिहिणाऱ्यांच्या आणि लिहवून घेणाऱ्यांच्या हातात आहे.